शाळेत कौन्सिलर ठेवायचाय, त्यासाठी भरीत पार्टी करावी का?

केळीवाला_चोपडा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या शाळेत पाचवी ते दहावी पावणेदोनशे पोरं आहेत. दहावीचं टेन्शन, रात्ररात्र मोबाईल, वादळात केळी आडवी झाली की घरातला सगळा राग पोरांवर, सरांना हे दिसतं पण पोरं त्यांच्याशी बोलत नाहीत. पालकसभेत ठरलं की थंडीत भरीत-पुरीची पार्टी ठेवायची, ताट १०० रुपये, वांगी शेतकरी देतील, भाजायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आहेतच, बचत गटाच्या बाया तयार. तीस-पस्तीस हजार सुटतील असा अंदाज. काहींचं म्हणणं त्यातून जळगावचा एखादा मोठा वक्ता आणू. कोणी केलंय का असं?

तापीकाठ:
वक्ता नका आणू भाऊ. दोन तास भाषण, शाल-श्रीफळ, फोटो, आणि ज्या पोराला खरंच बोलायचंय ते मागच्या बाकावर तसंच बसून. त्यापेक्षा शिकलेला समुपदेशक दर शनिवारी येईल असं बघा. पहिला महिना-दीड महिना पोरं तोंड उघडत नाहीत, त्यामुळे वर्षभराचं मानधन आणि एसटीचं भाडं किती होतं ते आधी विचारा आणि मग ताटाचा भाव ठरवा, तुमचं उलटं चाललंय.

रिटायर_मास्तर:
फुकट आहे ते आधी वापरा ना. टेली-मानस म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, हा नंबर प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी लिहून टाका. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं तिथे जाऊन या. आणि मुख्य म्हणजे जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमायचा. तुमचा पट त्यात बसतो. आधी संस्थेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या, नाहीतर वर्गणीवर भागतंय म्हटल्यावर संस्था कायमची हात झटकेल, मी संस्थाचालक जवळून पाहिलेत. पार्टीचे पैसे मात्र कोणाच्या खिशात नको, पावती फाडून बँकेत.

अहिराणी_माय:
पैसा जमी जाई भाऊ, पन पोरेसनं नाव गावमा जावाले नको. आमच्याकडे एका शाळेत कौन्सिलिंगची खोली ऑफिसला लागून दिली होती, आत कोण गेलं ते शिपायापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना माहीत, एका पोरीला तर वर्गात "हाई येडी व्हयी गयी का" म्हणून चिडवलं, ती परत फिरकलीच नाही. मग लायब्ररीत बसवलं आणि हजेरी नंबरप्रमाणे सगळ्यांनाच दहा-दहा मिनिटं बोलावलं तेव्हा कुठे कोण खरंच अडचणीत आहे ते कोणाला कळेनासं झालं. आणि पार्टीच्या बॅनरवर कुठल्या पोराचा फोटो टाकू नका बरं.

खापरपोळी:
विषय सिरीयस आहे पण १०० रुपयात भरीत, पुरी अन् वर केळी देणार का? दीडशे ठेवा, लोक देतात.

केळीवाला_चोपडा:
वक्ता कॅन्सल. पत्र सोमवारी देतोय, बॅनरवर नुसतं वांगं छापतो 😄 दर शनिवारी धरलं तर एका पार्टीत वर्ष निघणार नाही हे दिसतंय, मानधनाचा आकडा कळला की दीडशे की दोनशे ते ठरवू. जळगाव किंवा धुळ्याकडून शनिवारी चोपड्याला येऊ शकेल असं कोणी ओळखीत असेल तर मेसेज करा, बाई असतील तर मुलींसाठी बरं पडेल.