मदत हवी आहे : सेकंडहँड फिशटँकला तडा, कोणतं सिलिकॉन लावू?

निळाई
टाकी सेकंडहँड आणली. काचेला तडा आहे आणि पाणी झिरपतंय. काल आतून सिलिकॉन फिरवलं, आज भरली तर पुन्हा खाली ओल. मासे टबात आहेत, उद्या टाकीत जायलाच हवेत. तड्यावर कोणतं सिलिकॉन टिकतं तेवढं सांगा, घाईत आहे.

भिंग
आधी टाकी रिकामी करा. मग हे लिहा: लांबी-रुंदी-उंची, काचेची जाडी, तडा कोणत्या काचेला आहे, किती लांब आहे, कडेपर्यंत पोचलाय का. पाणी तड्यातून येतंय की सांध्यातून? सांधा गळणं आणि काच तडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इलाजही वेगळे. तो तडाच आहे ना, याचीही खात्री करा. टॉर्चचा उजेड तिरपा टाकला की तडा आरशासारखा चकाकतो, ओरखडा नुसता पांढरट दिसतो.
आणि काल लावलेल्या सिलिकॉनच्या नळीवर काय छापलंय ते शब्द न गाळता इथे टाका.

रेतीगोटे
एवढी चौकशी कशाला? दोन भागांची एपॉक्सी पुट्टी मळा, तड्यावर बाहेरून ३-४ सेंमी रुंद थापा, आतून सिलिकॉन. २४ तासांत टाकी तयार.

सांधेजोड
@रेतीगोटे, कृपया हे सुचवू नका. पाणी आतून बाहेर ढकलतं, म्हणजे बाहेरचा लेप काचेपासून सुटायच्याच दिशेला जोर येतो. शिवाय भरलेल्या टाकीची काच किंचित फुगते. पुट्टी कडक असते, ती काचेबरोबर वाकत नाही, कडेने उकलते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचंही तेच, तो ठिसूळ असतो.
नुसतं सिलिकॉनही तड्याला धरून ठेवत नाही. ते पाणी अडवतं, पण तड्याच्या टोकाशी एकवटलेला ताण तसाच राहतो आणि तडा पुढे सरकतो.

मोरपंखी
काच टफन्ड (उष्णता देऊन कणखर केलेली) आहे का तेही बघा. टफन्ड असेल तर कापता येणार नाही.

सांधेजोड
टफन्ड असती तर तडा गेलाच नसता, अख्ख्या काचेचा चुरा झाला असता. म्हणजे तडकलेली काच साधीच आहे. टफन्डचा प्रश्न तळाला भोक पाडायचं असेल तेव्हा.

निळाई
टाकी ९० × ३० × ४५ सेंमी. तडा मागच्या काचेला, खालच्या डाव्या कोपऱ्यातून तिरका वर, १२ सेंमी. जाडी ६ मिमी. नळीवर लिहिलंय : 'सॅनिटरी सिलिकॉन, बुरशीरोधक'. आता सांगाल का कोणतं लावू?

भिंग
ते सगळं खरवडून काढा, शिल्लक ठेवू नका. बुरशी मारायला त्यात घातलेली रसायनं पाण्यात उतरतात आणि माशांना विषारी ठरतात. लागतं ते १०० टक्के सिलिकॉन, बुरशीनाशकाविना, शक्यतो 'अ‍ॅक्वेरियमसाठी योग्य' असं लिहिलेलं. बहुतेक वेळा ते सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं असतं. पण वास हा पुरावा नाही, न्हाणीघराच्या काही नळ्यांनाही तोच वास असतो. लेबल वाचा. मुदत संपलेली नळी नको, ती नीट घट्ट होतच नाही.
आता मुख्य. उभ्या काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकीत एकूण पाणी किती यावर नाही. ४५ सेंमी पाण्याला तुमच्या मागच्या काचेवर एकूण सुमारे ९१ किलो वजनाइतका जोर येतो, आणि दर सेंमीमागे सर्वांत जास्त तळाशी. तडा बरोबर तिथेच आहे. म्हणून लेप नाही, काच बदला.

तळ्याकाठी
बदलायलाच हवी असं नाही. आतून काचेची पट्टी लावता येते. ६ मिमीचा तुकडा, तड्याच्या चारी बाजूंनी किमान ५ सेंमी जास्त, कडा घासलेल्या. पूर्ण पृष्ठभागावर सिलिकॉन, बुडबुडे राहू न देता. पाणीच पट्टीला काचेवर दाबून ठेवतं.

सांधेजोड
मधोमध असलेल्या छोट्या तड्याला ते चालतं, तळकाचेला तर बऱ्यापैकी. इथे तडा कोपऱ्यातून निघालाय. त्या बाजूने आणि खालून ५ सेंमी जागा मिळणार कुठून? पट्टी सांध्याच्या सिलिकॉनवर चढेल, आणि जुन्या सिलिकॉनवर काहीच नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. शिवाय १२ सेंमीचा तडा पट्टीखाली वाढत राहिला तर दिसणारही नाही.

तळ्याकाठी
कोपऱ्याचं मान्य. मग ही टाकी पाण्याऐवजी झाडांसाठी वापरा, ओलसर माती आणि नेचे. पाण्याचा दाबच नाही.

चंदेरी
ओरखडे असतील तर सेरियम ऑक्साइडची पेस्ट आणि नमद्याच्या चकतीने घासून जातात. घासताना काच ओली ठेवायची, तापली तर तडकते. नख अडकेल इतका खोल ओरखडा मात्र घासू नका, तिथे काच खोलगट होऊन मासे वेडेवाकडे दिसतात.

निळाई
ओरखड्यांचं विचारलं नव्हतं. झाडंही नकोत, मासे आहेत. काच बदलायची तर किती दिवस?

भिंग
दोन आठवडे धरा. त्याआधी एक सांगा. वरच्या कडेला दोन्ही लांब काचांवर आतून जुन्या सिलिकॉनचे पट्टे दिसतात का?

निळाई
हो. वरून २ सेंमी खाली, दोन्हीकडे पूर्ण लांबीभर. काचेच्या पट्ट्या होत्या, एक आडवीही होती मध्ये. हात घालायला अडचण म्हणून आधीच्यांनी काढल्या असं म्हणाले. त्याचा काय संबंध?

सांधेजोड
खूप संबंध आहे, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. ९० सेंमी लांब, ४५ उंच आणि ६ मिमी काच हे गणित वरच्या पट्ट्या धरूनच केलेलं असतं. त्या नसल्या की लांब काचा वरून मोकळ्या राहतात, मधोमध बाहेर फुगतात आणि उभ्या सांध्यांवर ओढ येते. नुसती मागची काच बदलली असती तर पुढचा नंबर समोरच्या काचेचा लागला असता.
पट्ट्या परत लावा : दोन्ही लांब काचांना आतून ५ सेंमी रुंद, ६ मिमी जाड, जवळजवळ पूर्ण लांबीच्या. मधली आडवी पट्टी १० सेंमी रुंद, तिची दोन्ही टोकं लांब पट्ट्यांवर प्रत्येकी ५ सेंमी बसली पाहिजेत. पट्ट्या नको असतील तर समोरची आणि मागची काच १० मिमी घ्यायला लागेल, म्हणजे जवळपास नवी टाकीच.

मोरपंखी
टाकी कशावर ठेवली होती? कोपऱ्यातून निघणारा तडा बऱ्याचदा खालचं टेबल वाकडं असल्याने जातो. पाणसळ लावून चारी बाजू आणि दोन्ही कर्ण तपासा. खाली थर्माकोल हवाच.

तळ्याकाठी
'हवाच' म्हणू नका. तळाला प्लॅस्टिकची चौकट असेल तर तळकाच अधांतरी असते, थर्माकोल तिला खालून रेटतो आणि तीच फुटते.

मोरपंखी
बरोबर. बिनचौकटीच्या, सपाट तळाच्या टाकीलाच १० मिमी थर्माकोल. त्याने बारीक उंचसखलपणा झाकतो, पण वाकडं टेबल सरळ होत नाही.

निळाई
चौकट नाही. टेबल एका बाजूला ४ मिमी खाली आहे, आत्ता मोजलं. ठीक, काच बदलते. कृती सांगा.

सांधेजोड
जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. तड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी, म्हणजे तुकडा सुटून पडणार नाही. टाकी घोंगडीवर समोरच्या काचेवर आडवी करा, मागची काच वर येईल. आधी आतली सिलिकॉनची कड ब्लेडने कापा, मग बारीक पोलादी तार सांध्यातून करवतीसारखी ओढत न्या. पाचरीने उचकटू नका, शेजारची काच टवका देते.
नवी काच काढलेल्या काचेच्या मापाची, तिच्यावरच ठेवून मोजलेली. बाहेरून टाकी मोजून सांगितली तर दोन काचांच्या जाडीइतकी चूक सहज होते. कडा घासून घ्या.
सगळ्या कडांवरचं जुनं सिलिकॉन ब्लेडने काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. साबण नको. नंतर बोट लावायचं नाही, बोटाच्या तेलावर सिलिकॉन धरत नाही.
आधी कोरडी काच बसवून बघा. मग कडांवर ४-५ मिमीची अखंड धार, काच ठेवा, हलकेच दाबा. सांध्यात साधारण १ मिमी सिलिकॉन उरलं पाहिजे. जोर लावला की सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा पडतो. टेपने बांधून २४ तास हात लावू नका.
मग आतल्या चारी बाजूंच्या जुन्या कडा काढून सगळ्या एकदमच नव्याने भरा, नाहीतर नवं-जुनं जिथे भेटेल तिथून गळेल. दोन्हीकडे मास्किंग टेप, धार, एका ओढीत बोट, आणि साय धरायच्या आत, साधारण ५ मिनिटांत, टेप काढा. सिलिकॉन बाहेरून आत, दिवसाला २-३ मिमी घट्ट होतं. वरच्या पट्ट्याही याच वेळी लावा. मग ७ दिवस.

भिंग
चाचणीचं राहिलं. आधी ते टेबल बदला किंवा सरळ करा. काच ६ मिमी धरली तर रिकाम्या टाकीचं वजन सुमारे २० किलो आणि पाण्याचं ११० च्या वर. पहिली चाचणी न्हाणीघरात, सपाट फळीवर, खाली वर्तमानपत्र. पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण, प्रत्येक टप्प्याला २४ तास. अर्ध्या उंचीला जोर फक्त चौथा हिस्सा असतो, म्हणून अर्धी टाकी टिकली याला अर्थ नाही. दर टप्प्याला मोजपट्टी आडवी धरून लांब काच मध्ये किती फुगली ते लिहून ठेवा. पूर्ण भरल्यावर आकडा रोज वाढत राहिला तर लगेच रिकामी करा.

चंदेरी
टाकी आतून ब्लीचने धुणार असाल तर ते व्हिनेगर किंवा अल्कोहोलबरोबर कधीच नको. व्हिनेगरने विषारी क्लोरीन वायू सुटतो. क्षारांसाठी आधी व्हिनेगर, भरपूर पाण्याने धुवा, ब्लीच वेगळ्या दिवशी.

निळाई
दोन आठवडे मासे टबात राहतील? फिल्टर काढून वाळत घातलाय.

भिंग
फिल्टरचा स्पंज आत्ताच टबातल्या पाण्यात टाका आणि फिल्टर चालू करा. त्यातले जिवाणू अमोनिया पचवतात, वाळले की मरतात. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. रोज पाव पाणी बदला, क्लोरीन काढलेलं, तापमान जुळवून. अमोनियाची चाचणी रोज, शून्यावर नसेल तर निम्मं पाणी बदला. टबावर जाळी टाका. हीटर असेल तर प्लॅस्टिकला टेकू देऊ नका, आणि पाणी बदलण्याआधी १५ मिनिटं बंद करा.

निळाई
स्पंज टाकला, थोडा ओलसर होता अजून. काच उद्या कापून आणते. मागची ८ मिमी घेतली तर चालेल का?

सांधेजोड
चालेल. पण मागची काच बाजूच्या काचांच्या मध्ये बसते की बाहेरून, ते आधी बघा. मध्ये बसत असेल तर २ मिमी आत सरकेल, तेव्हा तळाशी नीट टेकते ना आणि वरच्या आडव्या पट्टीची लांबी २ मिमीने कमी होते ते धरून माप द्या.