मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टँकची काच दोन दिवसांत तपकिरी होतेय

काचपुश्या:
मंडळी, गेले तीन महिने रविवारी सकाळी लोक मिसळ खायला जातात आणि मी काच घासत बसतो. धायरीत राहतो, टँक तीन फुटी आहे (३ बाय दीड बाय दीड, हिशेबाने १९० लिटर होतात पण दगड-वाळू धरून आत पाणी १५० च्या आसपासच असेल), दोन क्लाऊन मासे, एक गोबी मासा आणि चार गोगलगायी. ऑक्टोबरमध्ये कोरडे दगड टाकून सुरू केला. पहिले दोन महिने सगळं तपकिरी झालं होतं ते नवीन टँकला होतंच म्हणतात म्हणून गप्प बसलो, आणि खरंच डिसेंबरात आपोआप गेलं. मग फेब्रुवारीपासून पहिले पाढे पंचावन्न.

म्हणजे कसं की रविवारी काच चकाचक, मंगळवारी ऑफिसातून येऊन बघतो तर चहाच्या किटलीला आतून धरतो ना तसला राप. काच घासायचा मॅग्नेट फिरवला की धुरासारखा उडतो, पाणी पाच मिनिटं गढूळ, आणि अर्धा माल परत वाळूवर जाऊन बसतो. गुरुवारपर्यंत क्लाऊन म्हणजे नुसता केशरी ठिपका. आई म्हणते एवढ्या पैशात भिंतीवर माशांचं चित्र लावलं असतंस तर निदान दिसलं तरी असतं.

केलेले उपाय: लाईट १० तासांवरून ७ वर आणला, खाणं दिवसातून एकदाच, दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलतो. सॅलिनिटी १.०२५, तापमान २६-२७, नायट्रेट १०, फॉस्फेट तर किटवर शून्य दाखवतंय! मग हे खातंय काय? दुकानदाराने शेवाळाचं औषध म्हणून एक बाटली दिलीये, अजून ओतली नाही. ओतू का? का अजून गोगलगायी आणू?

सदाशिव_३०:
काच पुसू नका, पडदा लावा.
गंमत बाजूला, टँकवर खिडकीतून ऊन येतं का? एप्रिल-मेमधलं सकाळचं तासभर ऊनसुद्धा तुमच्या लाईटच्या टायमरला जुमानत नाही.

काचपुश्या:
ऊन नाही हो, हॉलची आतली भिंत आहे.

भरतीओहोटी:
पहिलं म्हणजे ती बाटली ओतू नका!! त्यावर कॉपर लिहिलंय का बघा. कॉपर असेल तर शेवाळाच्या आधी गोगलगायी मरतील, पुढे कधी कोळंबी ठेवायची म्हटलं तर तीही टिकणार नाही, कारण कॉपर दगडात मुरतं आणि हळूहळू सुटत राहतं.

दुसरं, फॉस्फेट शून्य बघून खूश होऊ नका. शेवाळं पाण्यातलं फॉस्फेट उचलतं म्हणून पाण्यात सापडत नाही, चोराच्या खिशात आहे ते. आणि ते मुद्दाम शून्यावर आणायच्या मागेही लागू नका, ०.०३ ते ०.१ पीपीएम ठीक. फार खाली गेलं की डायनो येतात, ते लाळेसारखे चिकट, बुडबुडे धरलेले धागे. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

गोगलगायी वाढवा पण नाव विचारून घ्या. टर्बो मार्मोरेटस आणि ट्रोकस निलोटिकस या दोन्ही वन्यजीव कायदा १९७२ च्या संरक्षित यादीत आहेत (प्रवाळ तर शेड्यूल १ मध्ये), दुकानात कोणी सांगत नाही. नेराइट आणि सेरिथ बघा. अॅस्ट्रिया मिळाल्या तर रोज एक नजर टाका, वाळूवर उलट्या पडल्या की त्यांना सरळ होता येत नाही, तशाच मरतात आणि सडून तुमचं नायट्रेट वाढवतात.

नळस्टॉप:
सगळं वाचलं पण मुख्य गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. पाणी कुठलं? मीठ कालवायला कुठलं आणि रोजच्या टॉपअपला (उडून गेलेल्या पाण्याची भर) कुठलं?

तपकिरी, धुरासारखं उडणारं, बोटाने सहज निघणारं म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळं. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, म्हणजे काचेच्याच जातीचं, त्यामुळे पाण्यातून सिलिकेट मिळत राहिलं की ते परत परत येतात, तुम्ही लाईट कितीही कमी करा. नवीन टँकमध्ये दगड-वाळूतून सुटलेलं सिलिकेट संपलं की जातात, तुमचे डिसेंबरात गेले ते म्हणूनच. फेब्रुवारीत परत आले म्हणजे बाहेरून कोणीतरी त्यांना जेवण आणून देतंय.

काचपुश्या:
दोन्हीला घरातल्या आरओचं पाणी. दुकानदार म्हणाला होता आरओ म्हणजे बास. टॉपअप आत्ता उन्हाळ्यात रोज अडीच लिटर लागतं, वर पंखा लावलाय ना.

नळस्टॉप:
त्या आरओचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा आणि मग बोलू. अंदाज सांगतो, शंभरच्या वर निघेल.

काचपुश्या:
अहो काका तुम्ही ज्योतिष सांगता का. शेजाऱ्यांचं पेनसारखं मीटर आणलं, सोसायटीच्या टाकीतलं (बोअर + टँकर + कॉर्पोरेशनचं येईल तेवढं) ६४०, आणि आमच्या आरओचं १३५!!

आणि मग ट्यूब पेटली. जानेवारीत आईने तक्रार केली होती की पाणी बेचव लागतं, डाळसुद्धा नीट शिजत नाही (त्याचा काय संबंध ते तिलाच माहीत). सर्व्हिसला मुलगा आला, त्याने आत स्क्रू ड्रायव्हर घालून काहीतरी अर्धा फेरा फिरवलं आणि म्हणाला, ‘आता बघा काकू, नारळपाणी.’ आई खूश. मी तेव्हा लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होतो, लक्षच दिलं नाही.

नळस्टॉप:
झालं, सापडला चोर. ती टीडीएस कंट्रोलरची नॉब. मेम्ब्रेनला, म्हणजे आरओच्या मुख्य गाळणीला, वळसा घालून थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळते, चवीसाठी. माणसाला चालतं. टँकला नाही, कारण टँकमधून उडतं ते फक्त पाणी. मीठ, सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट सगळं मागे राहतं. अडीच लिटर रोज म्हणजे महिन्याला ७५, दोन महिन्यांत १५०. म्हणजे तुम्ही दर दोन महिन्यांनी एक अख्खा टँकभर बोअरमिश्रित पाणी आटवताय आणि त्याचा साका आतच ठेवताय, बासुंदीसारखा. आठवड्याला २० लिटर बदलता तेही त्याच आरओचं! आणि आपल्याकडे खाली सगळा बेसाल्ट, बोअरच्या पाण्याला सिलिका असणारच.

आता काय करायचं: नॉब पूर्ण बंद करा, आकडा तीसेकवर यावा. मग पुढे रंग बदलणारं डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणारं) कार्ट्रिज लावा, ते शून्यावर आणेल. पण एक गोम आहे, सिलिका या मीटरला जवळजवळ दिसतच नाही, कारण साध्या पाण्यात तिच्यावर विद्युतभार नसल्यात जमा असतो, आणि रेझिन थकायला लागलं की सगळ्यात आधी निसटणाऱ्यांपैकी तीच. त्यामुळे शून्याचा एक-दोन झाला की रेझिन बदला, अजून चालेल म्हणून ताणू नका. आणि गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी नळाला जे गढूळ येतं त्यावर मशीन चालवू नका, प्री-फिल्टर आठवड्याभरात चॉकलेटी होतो, स्वानुभव.

पुसायची पद्धतही बदला. पाणी बदलायच्या बरोबर आधी पुसायचं, उडालेला धूर पाइपने त्याच बादलीत ओढून घ्यायचा. नुसतं पुसून सोडलं तर तीच कवचं तळाशी विरघळतात आणि पुन्हा तेच जेवण. मॅग्नेट वाळूच्या वर दोन इंच थांबवायचा, एक कण आत अडकला की काचेवर जन्मभराची रेघ, माझ्या टँकवर आहे, पाहुणे विचारतात तडा गेलाय का.

सदाशिव_३०:
एवढं करण्यापेक्षा अलिबागहून चार कॅन समुद्राचंच पाणी आणलं तर?

भरतीओहोटी:
मी केलंय, हरिहरेश्वरहून. गाडीची डिकी अजून वास मारते. किनाऱ्याजवळचं पाणी गाळाचं, पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. आणि टॉपअपला ते चालतच नाही हो, टॉपअप गोड्या पाण्यानेच करायचा, नाहीतर मीठ वाढत जाईल.

काचपुश्या:
अपडेट, तीन आठवड्यांनी. नॉब बंद केली, ड्राय बाल्कनीत डीआय लावलं, मीटर शून्य. पहिला आठवडा काहीच फरक नाही, मी तुम्हाला मनातल्या मनात दोन शिव्या पण दिल्या. मग राप पातळ होत गेला. आता काच सहाव्या दिवशी जरा हिरवी दिसते, तपकिरी नाही, आणि नेराइट तिच्यावर रात्री नागमोडी रस्ते काढतात, सकाळी बघायला भारी वाटतं.

पण दोन प्रश्न. एक, काचेवर टाचणीच्या टोकाएवढे गुलाबी ठिपके आलेत, घासून निघत नाहीत. दोन, नॉब बंद केल्यापासून आई म्हणतेय पाणी परत बेचव लागतंय आणि त्या मुलाला फोन लाव. काय करू?

भरतीओहोटी:
अभिनंदन, ते कोरलाइन आहे, चांगलं शेवाळं. मागच्या काचेवर राहू द्या. पुढच्या काचेवरचं मात्र आत्ताच जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, जाड झालं की ब्लेड लागतं, आणि ब्लेड कोपऱ्यातल्या सिलिकॉनला लागलं तर टँक हॉलमध्ये येईल.

नळस्टॉप:
आणि मेम्ब्रेननंतर, पण नॉबचं पाणी मिसळतं त्याच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवून डीआयची लाइन तिथून काढा. मग नॉब उघडा आणि आईंचं नारळपाणी त्यांना परत द्या.