डच ऑस्ट्रेलियातून परत का फिरले? नफा दिसेना म्हणून, की तिथल्या लोकांनी टिकू दिलं नाही म्हणून?

गलबतवाला
ऑस्ट्रेलियाचा विषय निघाला की सगळे इंग्रज कप्तान कुक आणि १७७० पासून सुरुवात करतात. त्याच्या १६४ वर्षं आधी, १६०६ मध्ये, विलेम यान्सझोन हा डच कप्तान 'डाउफकेन' नावाचं लहानसं जहाज घेऊन जावातल्या बांटमहून आला आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाच्या केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर पेनफादर नदीपाशी उतरला. सुमारे ३०० किलोमीटर किनाऱ्याचा नकाशा काढला आणि केप कीरवीरहून माघारी वळला. हा न्यू गिनीचाच किनारा आहे अशी त्याची समजूत होती.

पुस्तकांतलं पुढचं वाक्य ठरलेलं: जमीन ओसाड, मसाले नाहीत, सोनं नाही, म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीने नाद सोडला. माझ्या मते हा निव्वळ कंपनीच्या कारकुनांचा जमाखर्च आहे. त्या भागातल्या विक या आदिवासी लोकांत पिढ्यानपिढ्या वेगळंच सांगतात. परके आले, त्यांनी विहीर खणली, आधी बरं चाललं, मग बायकांवरून बिनसलं, हाणामारी झाली, दोन्हीकडची माणसं मेली आणि जहाज निघून गेलं. बांटममध्ये असलेल्या जॉन सॅरिस या इंग्रज व्यापाऱ्यानेही टिपून ठेवलंय की व्यापाराची बोलणी करायला उतरलेल्यांपैकी नऊ जण मारले गेले, म्हणून जहाजाला परतावं लागलं. हुसकावून लावलेल्या माणसाला आपण 'शोधक' म्हणतो, याची मला गंमत वाटते.

तागडी
वाचायला झकास, पण पुरावा फार ताणलात. सॅरिस स्वतः जहाजावर नव्हता, त्याने बंदरात ऐकलेली बातमी लिहिली. आणि त्याच्या लेखी ते सगळं न्यू गिनीच. डाउफकेन खऱ्या न्यू गिनीलाही टेकलं होतं. नऊ जण नेमके कुठे पडले हे त्या नोंदीवरून ठरत नाही. यान्सझोनची रोजनिशी हरवली, हाती उरली ती नकाशाची नक्कल.

दुसरं म्हणजे कंपनी भाल्यांना भिऊन माघार घेणारी नव्हती. इंडोनेशियातली बांदा बेटं आठवा. तिथे जायफळ होतं, म्हणून १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून फौज घेऊन उतरला. चाळीसेक प्रमुखांची मुंडकी जपानी भाडोत्री शिपायांकडून उडवली, आणि पंधरा हजारांच्या आसपास असलेली वस्ती मारून, उपाशी ठेवून, गुलाम करून हजारावर आणली. बांदाच्या लोकांनी प्रतिकार केला नाही असं थोडंच आहे? केप यॉर्कच्या पश्चिमेच्या कार्पेंटारियाच्या आखातात जायफळाची राई सापडली असती तर तुमचा आजचा धागा फार वेगळा असता.

गलबतवाला
बांदाचा मुद्दा जड आहे, नाकारत नाही. पण जागेबद्दल: १६२३ मध्ये यान कार्स्टेन्सझोन हा कंपनीचाच दर्यावर्दी 'पेरा' जहाजावरून याच किनाऱ्याने गेला. एका नदीच्या मुखासमोरून जाताना तो लिहितो की १६०६ मध्ये डाउफकेनचे लोक होडीने इथे आत गेले होते आणि त्यातला एक मारला गेला. शिवाय इथल्या लोकांना बंदुकीची ओळख दिसते, ती त्याच वेळी पटली असावी, असंही तो म्हणतो. म्हणजे चकमक इथे झाली आणि गोळ्याही इथेच झाडल्या गेल्या. सतरा वर्षांनी किनाऱ्यावरचे लोक बंदूक ओळखतात. अशा ठिकाणची तोंडी परंपरा मी तरी दंतकथा म्हणून बाजूला टाकणार नाही.

तागडी
ठीक, नऊचा एक झाला. एका खलाशासाठी कंपनी खंड सोडते? १६२३ ला आले, १६४४ ला आबेल टास्मान हा कंपनीचा दर्यावर्दी आला, १७०५ आणि १७५६ मध्येही उत्तर किनाऱ्यावर आले. हुसकावलेला माणूस दीडशे वर्षं खेपा घालत नाही. येत होते, चाचपत होते, बाजारात विकण्याजोगं काही मिळत नाही म्हणून जात होते.

सुरंगी
दोघेही डच का गेले यावरच भांडताय. आले तेव्हा काय केलं ते बघा की. कार्स्टेन्सझोनला हुकूम होता की तिथली माणसं पकडून आणायची, म्हणजे भाषा शिकवून त्यांच्याकडून देशाची माहिती काढता येईल. त्याचीच नोंद आहे: मणी आणि लोखंडाचे तुकडे दाखवून लोकांना जवळ बोलावलं, एकाच्या कमरेला मिठी घातली, दुसऱ्याने त्याच्या गळ्यात फास टाकला आणि ओढत होडीत घातलं. बाकीचे सोडवायला धावले तर गोळी घातली. दुसऱ्या दिवशी लाकूड तोडायला उतरले तर दोनशे माणसं शस्त्रं घेऊन उभी. मग हाच गृहस्थ त्या लोकांना रानटी ठरवतो!

आम्ही वेंगुर्ल्याचे. गावात डच वखारीचे अवशेष आहेत. १६३७ ची वखार, विजापूरच्या आदिलशाहीशी बोलणी करून, रीतसर परवानगीने घातलेली. जिथे दरबार आणि तोफा, तिथे अर्ज. जिथे त्या नाहीत, तिथे फास. कंपनी एकच.

बिनकामाचा
वेंगुर्लं आणि ऑस्ट्रेलिया? बादरायण संबंध म्हणतात तो हाच. 😀

सुरंगी
बादरायण कसला! आन्तोनी व्हान डीमेन हा गव्हर्नर-जनरल बटाव्हियाहून (आजचं जाकार्ता) पोर्तुगीजांच्या गोव्याच्या नाकेबंदीला आरमार पाठवत होता, आणि त्या आरमाराला रसद वेंगुर्ल्यातून जायची. त्यानेच १६४२ मध्ये टास्मानला दक्षिणेकडे पाठवलं. टास्मानिया बेटाला डचांनी दिलेलं नाव याच व्हान डीमेनचं.

गलबतवाला
टास्मानवरून आठवलं. टास्मानियात त्याला एकही माणूस दिसला नाही. धूर दिसला, आवाज ऐकू आले, झाडांवर चढायला पाडलेल्या खाचा दिसल्या. खाचांमधलं अंतर पाच फुटांचं, म्हणून इथे राक्षस राहत असावेत अशी शंका! लोक तिथेच होते आणि पुढे आले नाहीत. मला तर हीही एक निवड वाटते.

तागडी
आता न भेटणं हाही प्रतिकार? मग कंपनी दिसेल तिथे हरलीच म्हणायची. सुरंगीताईंचा मुद्दा मात्र मान्य. फासाची नोंद मी वाचलेली आहे, आणि त्यावर कंपनीची बाजू घ्यायचा माझा विचार नाही. माझं म्हणणं फक्त कारणापुरतं.

गलबतवाला
कारणापुरतंच बोलू. १६४४ मध्ये टास्मानला दिलेल्या कंपनीच्या लेखी सूचनांत डाउफकेनचा उल्लेख आहे. प्रदेश बहुतेक ओसाड, काही ठिकाणी क्रूर काळे लोक, त्यांनी काही खलाशी मारले, त्यामुळे देशाची नीट माहिती काढता आली नाही. हा विक लोकांचा नाही, तुमच्या लाडक्या कंपनीचाच कागद.

तागडी
त्याच कागदात पुढे अन्नसामग्री संपल्यामुळे परतावं लागलं असंही लिहिलंय. तेवढं बरोबर गाळलंत.