जुनं व्यापारी ठाणं पुन्हा बांधावं की आहे तसं राखावं?

शिवडीकर:
लेक अमेरिकेत डेन्व्हरला असते, दिवाळीनंतर जातोय. तिथून तीनेक तासांवर ला हुंटाजवळ बेंट्स ओल्ड फोर्ट आहे, १८३३ चं मातीचं ठाणं, सांता फेच्या व्यापारी वाटेवरचं, तिथल्या शायेन-अरापाहो या मूळ रहिवासी जमातींकडून बायसनची (अमेरिकी रानगव्याची) कातडी घ्यायची आणि कापड-भांडी द्यायची असा धंदा. पण आत्ता कळलं की मूळ ठाणं राहिलंच नाहीये, १९७६ मध्ये नव्याने बांधलंय. मग बघावं का? आपल्या शिवडी किल्ल्याकडे बघून पण हेच वाटतं, पडलेला भाग उभा करायचा की नाही?

चुनामाती:
जाच! १८४६ मध्ये अमेरिकन सैन्यातला लेफ्टनंट अ‍ॅबर्ट आजारपणामुळे तिथे अडकला होता, त्याने खोल्या मोजून नकाशे काढून ठेवले, शिवाय उत्खननात पाया मिळाला, म्हणून बांधता आलं. शिवडीला असं पक्कं मोजमाप हाताशी असेल तरच हात लावावा, नाहीतर आहे ते नीट सांभाळा. आणि बांधून काम संपत नाही हो, कच्च्या विटांच्या भिंती पाऊस-बर्फाने धुपतात, कोकणात घर सारवतात तसं लिंपण करतच राहावं लागतं. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते, हे आपल्याकडेही सर्रास चाललंय, बघवत नाही.

मेधा_ठाकुरद्वार:
मला विचाराल तर अ‍ॅरिझोनात गनाडोला हबेल ट्रेडिंग पोस्ट हे व्यापारी ठाणं बघा. हबेल नावाच्या व्यापाऱ्याने ते १८७८ मध्ये घेतलं, १९६७ मध्ये घरच्यांनी सामानासकट नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याला विकलं आणि दुकान आजही चालू आहे! करकरणारी लाकडी जमीन, उंच काउंटर, पलीकडे किराणा, बाजूच्या खोलीत नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या बायकांनी विणलेल्या गालिच्यांच्या थप्प्या. राहत्या घरात छताला तुळयांच्या मधे नुसत्या टोपल्या लावल्यात. पार्क सर्व्हिस वास्तू सांभाळते, दुकान एक ना-नफा संस्था चालवते.

शिवडीकर:
हे भारी आहे. पण गोष्ट व्यापाऱ्याचीच सांगतात की नवाहोंचीही?

मेधा_ठाकुरद्वार:
तुम्ही मुद्दाम विचाराच तिथे. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने नवाहोंना घरदार सोडून शेकडो मैल चालवत नेलं, १८६८ ला ते परतले, त्यानंतर ही दुकानं फोफावली, उधारी आणि गहाण ठेवणं आलंच. ते कळल्याशिवाय गालिचा नुसता छान दिसतो. डेन्व्हरहून लांब आहे, एक मुक्काम धरूनच निघा.