सोसायटी ग्रुप: सुट्टीत पोरांना 'आउटवर्ड' गेम घेऊन द्यावा का?

बी-२०३: नमस्कार मंडळी. मोठा पोरगा 'आउटवर्ड' नावाचा कॉम्प्युटर गेम मागतोय. धाकटीलाही सोबत खेळता येईल असं त्याचं म्हणणं. कोणी खेळलंय का? दोन दिवस खेळून पडून राहणार असेल तर नको.

ए-४०१: भाऊ, मी आणि बहीण दोघं खेळतो. घ्या. पण कसा आहे ते आधी ऐका, कारण हा गेम सगळ्यांना आवडत नाही, आणि ज्यांना आवडत नाही त्यांची कारणंही खरी आहेत.

ए-४०१: कॅनडातल्या क्युबेकच्या नाइन डॉट्स या छोट्या स्टुडिओनं बनवलाय. मार्च २०१९ मध्ये आला. मोठ्या कंपन्यांसारखा शेकडो लोकांचा ताफा त्यांच्याकडे नव्हता आणि ते जागोजागी दिसतं. माणसांचे चेहरे लाकडी. संवाद स्क्रीनवर वाचायचे, आवाज मधेच एखाद्या वाक्याला. एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना लोडिंगला थांबावं लागतं. पोराला चकचकीत चित्रांची सवय असेल तर पहिल्या तासात तोंड वाकडं करेल.

बी-२०३: मग त्यात आहे तरी काय?

ए-४०१: सुरुवातच सांगतो. तुमचं पात्र कुणी निवडलेला वीर वगैरे नाही. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला साधा माणूस. सिएर्झो नावाच्या गावात दीपगृहात त्याचं घर, आणि दारात वसुलीला गर्दी. पूर्वजांपासून चालत आलेलं कर्ज. पाच दिवसांत १५० चांदीची नाणी भरा, नाहीतर घर जातं. अंगावर फाटके कपडे, हातात काही नाही. तिथून गेम सुरू.

ए-१०१ आप्पा: कर्ज आजलानं आनि फेडाले पोर्या? हाई ते आपला गावनीच गोट शे.

ए-४०१: हो आप्पा, अगदी तसंच. म्हणूनच पहिल्या तासातच मी त्यात अडकलो. गावातल्या माणसाच्या उपयोगी पडलात तर नाण्यांशिवायही घर वाचतं. आणि घर गेलं तरी गेम संपत नाही, बेघर म्हणून पुढे चालू राहतो.

सी-१०२: दादा, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा खेळले होते, अर्ध्यात सोडला. नुसतं चालणं, चालणं, चालणं. घोडा नव्हता, एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायची सोय नव्हती. मोठाले नकाशे आणि मधे काहीच नाही. दोन तरस, चार लुटारू, परत चाला. आणि लढाई इतकी गचाळ, तलवार लागली की हवेत गेली तेच कळत नाही.

ए-४०१: लढाईबद्दल तुझं म्हणणं पूर्ण मान्य. वाराला वजनच वाटत नाही. दोन-तीन शत्रू अंगावर आले की कॅमेरा भलतीकडेच धरून बसतो. ही त्याची सगळ्यात मोठी उणीव आहे आणि पुढच्या सुधारणांतही ती पूर्ण गेली नाही. नकाशात रिकाम्या जागा आहेत हेही खरं. तेवढ्या जमिनीत भरायला त्यांच्याकडे माल कमी पडला.

ए-४०१: पण चालण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. नकाशा उघडला की डोंगर, गाव, किल्ला सगळं दिसतं, पण आपण कुठे उभे आहोत ते दिसत नाही. बाण नाही, ठिपका नाही. तोरणमाळच्या घाटात मोबाइलची रेंज गेली की आपण वळण आणि डोंगराचा आकार बघून अंदाज बांधतो, तसं इथे सतत करायचं. त्यामुळे प्रदेश खरोखर पाठ होतो. सिएर्झो ज्यात आहे त्या शेरसोनीज प्रदेशाच्या मधोमध कॉनफ्लक्स पर्वत आहे, तो कोणत्या बाजूला दिसतोय यावरून बहीण आता न बघता वाट सांगते.

बी-३०४ काकू: मारामारी किती आहे त्यात? माझाही दहा वर्षांचा आहे. बाहेर ४४ डिग्री, अकरा ते पाच बाहेर सोडताच येत नाही, काहीतरी द्यावंच लागतं हातात.

ए-४०१: काकू, तलवारी, भाले, राक्षस, लुटारू आहेत. दहा वर्षांच्या पोराला एकट्याला नको, वाचायलाही खूप आहे आणि सगळं इंग्रजीत. मोठं कुणीतरी शेजारी बसलं तर चालेल. पण यात मारत सुटलं तर काही होत नाही, उलट हरता. शत्रू मारून अनुभवाचे गुण मिळत नाहीत, पातळी वाढत नाही. विद्या शिकायची तर गावोगावच्या गुरूंना पैसे मोजायचे. त्यातही वरच्या दर्जाच्या विद्येसाठी पूर्ण गेममध्ये फक्त तीन संधी, म्हणजे सगळंच शिकता येत नाही, निवडावं लागतं.

सचिव: उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी ९ पर्यंत पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

ए-४०१: पाण्यावरून आठवलं. यात तहान आहे, भूक आहे, झोप आहे, थंडी आणि ऊन दोन्ही लागतं. अब्रासार नावाचं वाळवंट आहे, तिथे पखाल भरून न नेता गेलं की हाल. नदीचं पाणी शेकोटीवर उकळून घ्यायचं. रात्री तंबू टाकला की किती तास झोपायचं, किती तास पहारा द्यायचा, किती वेळ हत्यारं दुरुस्त करायची, सगळं वाटून ठरवायचं. आपल्याकडच्या पोरांना हे सांगावं लागत नाही, पटकन कळतं.

ए-४०१: आणि पाठीवरची पिशवी! ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. सगळं सामान पाठीवर. मोठी पिशवी असेल तर लढताना चपळाईनं बाजूला होता येत नाही. म्हणून लढाईआधी एक बटण दाबून पिशवी खाली टाकायची, लढायचं, मग परत येऊन उचलायची. रात्रीच्या लढाईत पिशवी टाकली आणि पळावं लागलं तर ती शोधत फिरायचं, कारण कंदील तिलाच टांगलेला! रात्र इतकी काळी की हात दिसत नाही. इतक्या साध्या गोष्टीतून एवढा ताण मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये अनुभवला नाही.

सी-१०२: पिशवीचं भारी आहे, मानलं. जादूपण चांगली होती, तेवढी आठवते.

ए-४०१: जादू तर अप्रतिम बांधलीय. आधी जादूच नसते. कॉनफ्लक्स पर्वताच्या पोटात जायचं, तिथे आपलं आरोग्य आणि दम कायमचे थोडे कमी करून त्याबदल्यात मंत्रशक्ती घ्यायची. किती द्यायचं ते आपण ठरवायचं, दिलेलं परत मिळत नाही. एवढं करून पहिला मंत्र म्हणजे काय, तर नुसती ठिणगी. त्यानं जेमतेम चूल पेटावी एवढीच. पण अग्नीचा दगड खर्चून जमिनीवर अग्निमंडळ आखलं आणि त्यात उभं राहून तीच ठिणगी टाकली की आगीचा गोळा सुटतो. शत्रू अंगावर धावून येत असताना हे सगळं क्रमानं करायचं. म्हणून आधी जागा हेरायची, सापळा लावायचा, मंडळ आखायचं, मग शत्रूला आपल्याकडे ओढायचं. लढाई लढण्यापेक्षा तिची तयारी करण्यात मजा आहे.

बी-२०३: आणि मेलं की? पहिल्यापासून?

ए-४०१: नाही भाऊ. साधारण मरण नाहीच. बेशुद्ध पडता आणि कुठेतरी जागे होता. कधी कुणी उचलून गावात आणतं, कधी लुटारू पकडून वेंडावेलच्या किल्ल्यात डांबतात आणि तिथून सुटायचं असतं. पण मागची स्थिती उघडून पुन्हा प्रयत्न करता येत नाही, गेम स्वतःच जतन करत जातो. झालं ते झालं. त्या वेंडावेलच्या लुटारूंचा बंदोबस्त मुदतीत केला नाही तर ते सिएर्झो गाव उद्ध्वस्त करतात. खरोखर गाव जातं. पोरांना पुढचं आधी सांगू नका, त्यांचं त्यांना कळू दे.

बी-३०४ काकू: अरे बापरे. आणि दोघांनी खेळायचं म्हणजे दोन कॉम्प्युटर लागतात का?

ए-४०१: नाही काकू, हेच तर याचं सोनं. एकाच कॉम्प्युटरवर स्क्रीन दुभंगून दोघं खेळतात. एक कीबोर्ड-माऊसवर, दुसरा कंट्रोलरवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या बटणांच्या यंत्रावर. अख्खा गेम असा शेवटपर्यंत खेळता येतो. इतका मोठा उघडा प्रदेश दोघांना एका घरात बसून देणारे गेम फार थोडे. मोठ्या पैशांचे गेम ही सोय सहसा देत नाहीत आणि या छोट्या स्टुडिओनं ती दिली, याचं मला खरंच कौतुक आहे. एकानं सापळे लावायचे, दुसऱ्यानं शत्रूला ओढून आणायचं. एकाच्या पिशवीत अन्न, दुसऱ्याच्या पिशवीत औषधं.

ए-४०१: एक मात्र आधीच सांगून ठेवा. गोष्टीची प्रगती फक्त ज्याचा गेम त्याच्याकडेच जतन होते. दुसऱ्याकडे त्याचं सामान आणि शिकलेल्या विद्या राहतात, बस. धाकटीला हे नंतर कळलं तर घरात भांडण.

सी-१०२: मी एकटीच खेळले होते, त्यामुळे असेल. पण गोष्ट तरी कुठे धड आहे? तीन गटांपैकी एक निवडा आणि त्यांचे निरोप पोचवत फिरा.

ए-४०१: गोष्टीचं खरंय, पहिल्या कर्जानंतर ती पातळ होते. निळ्या चेंबरची माणसं असोत की लेव्हांटचं राज्य की एलाटचे भक्त, कुणाबद्दल फार जीव तुटत नाही. एकट्यानं खेळायचा असेल तर मीही आधी दहा वेळा विचार करायला सांगेन. इथे सोबतीचं माणूस नसेल तर त्या लांबलचक वाटा खरंच अंगावर येतात.

ए-१०१ आप्पा: मना नातू बी तेच मांगी ऱ्हायना. दोन्ही घरना पोरे एकत्र बसतीन ते चाली का?

ए-४०१: चालेल आप्पा. एका वेळी दोघंच, पण आळीपाळीनं खेळतील, बाकीचे वाट सांगतील.

बी-२०३: कोणता घ्यायचा मग? दोन-तीन दिसून राहिले.

ए-४०१: 'डेफिनिटिव्ह एडिशन' घ्या, मे २०२२ मध्ये आलेली. मूळ चार प्रदेशांसोबत नंतर आलेल्या दोन्ही जोडण्या, म्हणजे गेमचे वाढीव भाग, त्यातच आहेत. त्यातल्या 'थ्री ब्रदर्स' या भागात तर उजाड जागेवर नवं गाव वसवायचं असतं, काय बांधायचं ते आपण ठरवतो. पूर्ण किमतीला घेऊ नका, सेलची वाट बघा, बराच उतरतो. त्याआधी पोरांना शनिवारी चारनंतर आमच्याकडे पाठवा. कंट्रोलर एकच आहे माझ्याकडे, आप्पांच्या नातवाकडे असेल तर घेऊन येऊ दे. दोघांना गेमच्या पाच दिवसांत १५० नाणी जमवता येतात का ते बघू, मग ठरवा.

बी-२०३: पाठवतो. तिघं येतील, सी विंगमधला त्याचा मित्रही.