मदत हवी आहे: ऑस्टिनचं सकाळचं रेडिओ प्रक्षेपण

नमस्कार मंडळी, मार्चमध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये साउथ बाय साउथवेस्ट महोत्सव भरतो, तेव्हा तिथलं केयूटीएक्स ९८.९ हे रेडिओ केंद्र सकाळी सकाळी नव्या बँड्सचं वादन थेट ऐकवत आलंय. मी पुण्यातून मोबाईलवर ऐकते. अजून नीट न तापलेला गळा, मागे श्रोत्यांची कुजबुज... फार जिवंत वाटतं! पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात. त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले आधी संध्याकाळचे साडेसात, मग साडेसहा. त्यात माझा एक अख्खा बँड हुकला, अजून हळहळ वाटते. ऑनलाइन रेडिओ ठरल्या वेळी आपोआप रेकॉर्ड करणारं साधं अ‍ॅप कोणी वापरलंय का? आणि ऑस्टिनकरांनो, या सकाळच्या वादनाला महोत्सवाच्या पासशिवाय आत सोडतात का हो? भाच्याला पाठवायचंय.