हडकुळ्या आईचं काय?
'आईचं वजन जास्त असेल तरच मुलांना पुढे शुगर' असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत पाहिलं, तिथल्या आया बारीक. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची ३.५. पण आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने जास्त! म्हणजे वरून काटकुळी, आतून नाही; म्हणून पुढे शुगरचा धोका त्यांनाही.

आमच्या गुहागरला 'पोटात पोर मोठं झालं की बाळंतपणात अडतं' म्हणून आजीने आईला सातव्या महिन्यापासून रात्री नुसती पेज नि मेतकूट दिलं. मी सव्वादोन किलोचा. आज पँट बत्तीसची, तरी चाळिशीआधीच शुगरची गोळी सुरू. त्यामुळेच, असं छातीठोक नाही सांगणार. (आजीवर राग नाही, तिची धाकटी जाऊ अडूनच गेली होती.)